आपलेही कुणी आभार मानावेत

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका वसाहतीतील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आज इथं बसलेल्या निम्म्या मंडळींनी पाहिलेलंही नाही. इथली इमारत अजून ओली होती तेव्हा ज्या थोड्या घरांत दिवे लागले, त्यांतलं एक घर त्यांचं. हाडाच्या शिक्षिका. जाताना त्यांनी थोडे पैसे ठेवले आणि लिहून ठेवलं, की दरवर्षी एक व्याख्यान व्हावं, वक्ता शक्यतो इथलाच असावा, आणि त्याला शाल-श्रीफळ न देता मानधन द्यावं. शाल-श्रीफळाला नकार का, हे त्यांनी लिहिलेलं नाही. पण त्यांच्याशी जे काही बोलणं होत असे, त्यावरून मला कारण कळतं असं वाटतं. शाल अंगावर पडली की माणूस हात जोडून उभा राहतो आणि घेणारा होतो. काम केलं, त्याचा मोबदला मिळाला, तर मान सरळ राहते. आजचा माझा विषय याच्या आसपासचाच आहे. आपल्यासारख्या, वय झाल्यावर एकत्र राहायला आलेल्या माणसांच्या जगण्यात कृतज्ञतेची जागा कोणती, आणि ती कुणी कुणाबद्दल बाळगायची.

म्हाताऱ्या माणसाकडून आपल्या समाजाची कृतज्ञतेची अपेक्षा फार. मुलगा परदेशातून रोज फोन करतो, नशीबवान आहात. सून सणाला साडी घेते, नशीबवान आहात. लिफ्टला जनरेटर आहे, दाराशी डॉक्टर येतो, नशीबवान आहात. यातलं काहीच खोटं नाही आणि आपण खरोखरच भाग्याचे आहोत. पण दिवसातून दहा वेळा हे ऐकावं लागलं की माणूस हळूहळू एकच भूमिका शिकतो: घेणाऱ्याची. हात पुढे, मान खाली, ओठांवर ‘फार उपकार झाले’.

मी आधी परिचारिका होते आणि नंतर परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना शिकवलं. या भूमिकेचं शरीरावर काय होतं ते मी वॉर्डात पाहिलं आहे. रात्री दोन वाजता लघवीला जायचं असतं. उशाशी घंटा असते. वयस्कर बाई ती वाजवत नाही. ‘सिस्टर आत्ताच बसल्यात, कशाला उठवायचं’ म्हणून ती आवरून धरते, किंवा अंधारात एकटीच पाय खाली सोडते. पहिलीला दोन दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, दुसरी मोरीच्या उंबऱ्याशी सापडते. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या कितीतरी बायकांना मी विचारलं, ‘आजी, हाक का नाही मारलीत?’ उत्तर जवळजवळ एकच असायचं. ‘तुम्ही आधीच किती करता हो आमचं.’ हे वाक्य ऐकायला गोड आहे. मी विद्यार्थिनींना सांगत असे, की पेशंट असं म्हणाला की घाबरा. आपल्या उपकारांखाली तो इतका दबलाय, की आता मागणारही नाही.

हाच दबाव मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर कुठल्याही वृद्धाश्रमात एखाद्या रविवारी जाऊन बसा. कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, कुणाच्या तरी वडिलांची पुण्यतिथी. जिलेबीचं जेवण येतं, फळं येतात, आणि मागोमाग फोन काढून मंडळी येतात. आजी-आजोबांना रांगेत बसवतात. पिशवी हातात देताना फोटो, पिशवी उघडताना फोटो, मग टाळ्या, मग एखादीला गाणं म्हणायचा आग्रह. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मी मनापासून सांगते. अनेक आश्रम या देणग्यांवरच तग धरून आहेत. पण त्या रांगेत बसणाऱ्या बाईने आयुष्यात पंगतीच्या पंगती वाढल्या असतील. तिच्या हातात एकदा तरी वाढायची पळी द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. जेवण तुमचं असू दे, वाढू दे तिला.

हे नुसतं माझ्या मनाचं म्हणणं असतं तर मी ते इतक्या ठामपणे मांडलं नसतं. 2003 साली अमेरिकेत स्टेफनी ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 423 वयस्कर जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कुणाला मदत करतं, कोण कुणाकडून घेतं, हे आधी विचारून ठेवलं होतं. पाच वर्षांत कोण गेलं हे पाहिल्यावर दिसलं ते असं: जी माणसं शेजाऱ्यांना, मित्रांना, नातेवाइकांना हातभार लावत होती, किंवा आपल्या जोडीदाराला मनाचा आधार देत होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी होतं. मदत मिळण्यामुळे आयुष्य वाढल्याचं तसं दिसलं नाही. आता कुणी म्हणेल, ज्यांची तब्येत बरी तेच मदत करणार, म्हणून ते जगले. शंका रास्त आहे. अभ्यासकांनी तब्येत, वय, स्वभाव यांचा हिशेब वेगळा काढायचा प्रयत्न केला होता, तरी अशा पाहणीतून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही. मी त्याला पुरावा म्हणण्यापेक्षा खूण म्हणेन. पण वॉर्डातला माझा अनुभव त्याच दिशेला बोट दाखवतो.

याहून जुना एक प्रयोग आहे, तो मी प्रत्येक तुकडीला शिकवला. 1976 साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासात तो केला. एका मजल्यावरच्या लोकांना व्यवस्थापकाने सांगितलं, की तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, तुमच्या तक्रारी, सगळं तुमच्या हातात आहे. आणि हे घ्या एक रोपटं, याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, की तुमची काळजी घेणं ही आमची जबाबदारी, तुम्ही निश्चिंत राहा; हे घ्या रोपटं, पाणी आमच्या नर्स घालतील. दीड वर्षानं पाहिलं, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या 47 पैकी 7 जण गेले होते आणि दुसऱ्यावरच्या 44 पैकी 13. आकडे लहान आहेत. मृत्यूंच्या फरकाबद्दलचं गणित लेखिकांनी आधी जास्त ठाम मांडलं होतं, ते पुढे त्यांनी जाहीरपणे दुरुस्त करून सौम्य केलं. तरी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हसती-बोलती, जास्त हिंडती-फिरती होती, हे राहतंच. दुसऱ्या मजल्यावर कुणी काही वाईट वागलं नव्हतं, हे विसरू नका. तिथं प्रेमानं वागणूक होती, सेवा चोख होती. फक्त रोपाला पाणी घालायचं काम काढून घेतलं होतं.

अतुल गवांदे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’मुळे चेस मेमोरियल नर्सिंग होमची गोष्ट आपल्यातल्या अनेकांना माहीत असेल. न्यूयॉर्क राज्यातलं न्यू बर्लिन नावाचं छोटं गाव, 1991 साल. बिल थॉमस हा तरुण डॉक्टर तिथं रुजू झाला आणि त्याला वाटलं, इथली माणसं आजारानं खंगत नाहीत. कंटाळा, एकटेपणा आणि असहायता या तिघांनी खंगतात. त्यानं सरकारच्या मागे लागून नियमांतून वाट काढली आणि दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर पोपट आणले. पोपट आले त्या दिवशी पिंजरे आलेच नव्हते, म्हणून ते तिथल्या ब्युटी पार्लरमध्ये सोडून दार लावून घेतलं होतं. कर्मचाऱ्यांचा कोण गोंधळ! पण मग जे पेशंट खोलीबाहेर येत नव्हते ते येऊन म्हणू लागले, ‘कुत्र्याला मी फिरवून आणतो.’ प्रत्येक पोपटाला कुणी ना कुणी नाव दिलं. औषधांचा वापर दुसऱ्या एका तशाच नर्सिंग होमच्या मानानं निम्म्यावर आला. थॉमसनं त्या लोकांना प्रेम दिलं असं लोक म्हणतात. मला त्याचं वेगळंच वाटतं. त्यानं त्यांना अशी जित्राबं दिली, जी त्यांच्यावाचून उपाशी राहिली असती.

गवांदे यांच्याच पुस्तकात त्यांचे आजोबा सीताराम गवांदे आहेत. विदर्भातलं उटी हे त्यांचं गाव. जवळजवळ 110 वर्षं जगले. रात्री घोड्यावर बसून शेतावर चक्कर मारायचे, आणि गेले तेही कोर्टाच्या कामाला निघाले असताना, बसमधून पडल्याचं निमित्त होऊन. पूर्वीच्या एकत्र कुटुंबात म्हातारपण कसं सुखाचं होतं, याचा दाखला म्हणून लोक ही गोष्ट सांगतात. मला तसं वाटत नाही, आणि स्वतः गवांदेही ते दिवस परत आणा असं म्हणत नाहीत. त्या आजोबांकडे जमीन होती, त्यांचा शब्द चालत होता, मुलं सल्ल्याला येत होती. शेवटपर्यंत ते देणारे होते. त्याच काळात, तसल्याच वाड्यांत, माजघराच्या कोपऱ्यात विधवा आजी, आत्या असायच्या. पहाटे उठून राबायच्या, सगळ्यांच्या नंतर जेवायच्या, आणि ‘सांभाळतात हो मला’ म्हणून कृतज्ञ राहायच्या. महर्षी कर्व्यांना 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाचं काम उभं करावं लागलं, ते काही एकत्र कुटुंबं सुखात होती म्हणून नव्हे. तेव्हा आपण मुलांपासून वेगळे राहतो याची खंत फार करू नका. मी तर ती सोडूनच दिली आहे. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेतच शंभरातली दहाएक माणसं साठीच्या पुढची होती, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त; आणि मुलं शिकून बाहेर जाणारच. पालकांच्या पोटगीचा 2007 चा कायदा गरज पडली तर पैसे मिळवून देईल आणि तो असायलाच हवा. पण आपला कुणाला तरी उपयोग आहे, ही भावना कुठलं न्यायाधिकरण देणार?

ती भावना शून्यातून कशी उभी राहते हे पाहायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. वरोऱ्याजवळची ओसाड, दगडगोट्यांची जमीन, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, इथपासून बाबा आणि साधनाताई आमट्यांनी आनंदवन सुरू केलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. तिचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना घरच्यांनी हाकलून दिलं होतं, त्यांच्या बोटं झडलेल्या हातांनी विहिरी खणल्या, धान्य पिकवलं, आणि 1960 च्या दशकात या वसाहतीनं आसपासच्या धडधाकट मुलामुलींसाठी महाविद्यालय उघडलं. आनंद निकेतन. ज्या समाजानं आपल्याला वेशीबाहेर काढलं, त्याच्या पोरांना शिकवायची सोय कुष्ठरुग्णांच्या वसाहतीनं केली. बाबा म्हणत, दान नको, संधी द्या. आम्ही ते वाक्य भिंतीवर लावण्याजोगं म्हणून लावतो. पण त्यात एक अत्यंत व्यवहारी शहाणपण आहे. दान घेतलेल्या माणसाची कृतज्ञता तिथंच संपते, त्याला पुढे काही करता येत नाही. संधी मिळालेला माणूस पुढच्या माणसाला काही देऊ शकतो. आनंदवनात आता वृद्धांसाठी ‘उत्तरायण’ही आहे.

आता आपल्याकडे वळते. आपण काही आश्रमात नाही. पुण्यात ‘अथश्री’सारखी खास ज्येष्ठांसाठीची संकुलं या शतकाच्या सुरुवातीला उभी राहू लागली, त्याच लाटेत आपलीही वसाहत झाली. आपण घर विकत घेतलं, मेंटेनन्स भरतो, मेसचे पैसे वेगळे भरतो. त्यामुळे इथला धोका वृद्धाश्रमाच्या उलट आहे. तिथं माणूस उपकारांनी वाकतो, इथं तो म्हणतो, ‘मी पैसे भरलेत, मी कुणाचं काही लागत नाही.’ वार्षिक सभेत हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! भाजीत मीठ कमी, पैसे भरलेत. पंप बंद, पैसे भरलेत. तक्रार करायचा हक्क आहेच, तो सोडू नका. पण पैशानं प्रत्येक हिशेब तिथल्या तिथं मिटतो, आणि हिशेब पुरता मिटला की पुन्हा दार ठोठावायला कारण उरत नाही. शेजारी होण्यासाठी थोडं देणं बाकी राहावं लागतं. मी तुमच्याकडून काल लिंबू नेलं, तुम्ही परवा माझ्याकडून बीपीचं यंत्र न्याल, आणि कुणाचं किती झालं हे दोघंही मोजणार नाही.

नोव्हेंबरमध्ये आपल्या सभागृहात हयातीच्या दाखल्याचं टेबल लागतं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. बँकेतून निवृत्त झालेले आपले एक काका लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन खिडकीखाली बसतात. 2014 पासून हा दाखला घरबसल्या काढता येतो, पण ‘घरबसल्या’ हा शब्द ज्यांनी काढला त्यांनी आपली बोटं पाहिली नसावीत. मागच्या वर्षी सी विंगमधल्या एक आजी आल्या. अंगठा ठेवला, यंत्र लाल. पुन्हा, लाल. काकांनी ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, खोबरेलाचं बोट फिरवलं, पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. आजींनी उभ्या आयुष्यात राखेनं भांडी घासली, घरच्या आणि बाहेरच्या शिलाईचं काम केलं. बोटांच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. यंत्राला त्यांची ओळख पटेना. आजींच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. ‘मी जिवंत आहे हे मी कसं सांगू?’ म्हणाल्या. काकांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि मोबाइल काढला. 2021 पासून चेहऱ्यावरूनही दाखला काढता येतो. त्यांनी खुर्ची उजेडाकडे फिरवली, चष्मा काढायला सांगितला आणि म्हणाले, ‘आता पापण्या मिटा, उघडा.’ आजींनी डोळे गच्च मिटून घेतले, देवासमोर मिटतात तसे. दोन-तीनदा झाल्यावर जमलं. हिरवी खूण आली.

आजी उठल्या, पदर सावरला आणि काकांच्या शर्टाकडे बघून म्हणाल्या, ‘कॉलर उसवलीय तुमची. संध्याकाळी पाठवून द्या माझ्याकडे.’ काका ‘नको, नको, कशाला’ म्हणायला लागले. मी शेजारीच फॉर्म लावत होते. मी त्यांना खुणेनं गप्प केलं. संध्याकाळी त्यांनी दोन शर्ट पाठवले. मला त्या दिवशी त्यांच्या दाखल्याच्या कामापेक्षा ते दोन शर्ट पाठवणं मोठं वाटलं. आजींची मदत नाकारणं फार सोपं होतं, सभ्यपणाचंही दिसलं असतं. पण मग आजी नुसत्या घेऊन गेल्या असत्या.

कृतज्ञतेवरच्या संशोधनात रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांचं 2003 चं काम नेहमी सांगतात. ज्यांनी नेमानं आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टींची यादी लिहिली, त्यांचं मन जास्त प्रसन्न राहिलं. त्यातूनच ती ‘कृतज्ञतेची वही’ सगळीकडे पसरली; आपल्या वाचनालयातही तशा कोऱ्या वह्या कुणीतरी भेट दिल्या आहेत. लिहा, जरूर लिहा. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती सहसा सांगितली जात नाही: रोज अशी यादी करणाऱ्यांनी, आपण कुणाला तरी मदत केली, आधार दिला, असंही इतरांपेक्षा जास्त वेळा सांगितलं. म्हणजे कृतज्ञता खरी असेल तर ती वहीत बसून राहत नाही. म्हणून मी माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे आज मला कुणी काय दिलं. उजवीकडे आज मी कुणाच्या काय उपयोगी पडले. उजवी बाजू बरेच दिवस कोरी राहिली तर ते आजाराचं लक्षण समजावं, असं मला परिचारिका म्हणून वाटतं.

आपल्यातल्या एका काकांची ती बाजू अशीच कोरी पडली होती. त्यांची परवानगी घेऊनच सांगते. पाटबंधारे खात्यातले अभियंता. पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर आपण सगळ्यांनी जीव लावला. डबे गेले, औषधं आणून दिली, संध्याकाळी पाळीपाळीनं जाऊन बसलो. महिन्याभरानं ते दार उघडेनासे झाले. मी गेले तेव्हा म्हणाले, ‘सिस्टर, किती जणांचे आभार मानू? खाली उतरलो की प्रत्येक चेहरा म्हणजे एक देणं दिसतं.’ आम्ही चांगुलपणानं त्यांना घरात कोंडलं होतं. मग मी एक केलं, वसाहतीच्या पाण्याची नोंदवही त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्या उन्हाळ्यात टँकर रोज वाढत होते आणि समितीला कारण कळत नव्हतं. काकांनी दुसऱ्या दिवशी वॉचमनला बोलावून सांगितलं, रात्री अकराला टाकीची पातळी मोज आणि पहाटे पाचला मोज, मधे कुणी पंप लावायचा नाही. सगळी वसाहत झोपलेली असताना पातळी चार बोटं उतरत होती. पुढच्या काही रात्री एकेका विंगचा व्हॉल्व्ह बंद करून पाहिलं आणि गळती बी विंगच्या फ्लशच्या लाइनला सापडली. ती दुरुस्त झाली त्या संध्याकाळी काका वॉकर घेऊन खाली आले. त्या दिवशी लोक त्यांचे आभार मानत होते.

असं काम प्रत्येकासाठी मिळेल का? अंथरुणाला खिळलेल्या, स्मृती गेलेल्या माणसानं काय द्यायचं? हा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण आपल्यातले बरेच जण त्या वाटेवर आहोत. स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या एक काकू दिवसभर एकच काम करतात, मेसमधल्या कागदी रुमालांच्या घड्या घालतात. घड्या वाकड्या असतात. आपण ते रुमाल वापरतो आणि वापरताना ‘छान झाल्यात’ म्हणतो. यात फसवणूक नाही. रुमाल खरंच लागतात. आणि ज्याला तेही जमत नाही, त्यानं आयुष्यभर जे करून ठेवलंय त्याची आठवण ठेवणं हे बाकीच्यांचं काम आहे. आपल्याकडे कुणी गेलं की शोकसभेत पद आणि पुरस्कार वाचले जातात. मला वाटतं, त्याऐवजी प्रत्येकानं सांगावं, की या माणसाचं माझ्याकडे काय देणं राहिलंय.

आता ज्या विषयासाठी मी हे व्याख्यान द्यायचं कबूल केलं, तो. आपण एकमेकांशी कितीही चांगले वागलो तरी ही वसाहत आपल्या खांद्यांवर उभी नाही. ती मावश्यांच्या खांद्यांवर उभी आहे. ब्यूरोकडून येणाऱ्या बारा तासांच्या, चोवीस तासांच्या बायका. त्यांतल्या पुष्कळ मराठवाड्यातल्या. पोरं गावी आजीकडे ठेवून त्या इथं आपल्या पलंगाखाली सतरंजी टाकून झोपतात. आपली लघवी, उलटी, चिडचिड त्या काढतात. ब्यूरो आपला हिस्सा कापून घेतो. आणि आपण म्हणतो, ‘आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत.’ घरच्यासारख्या असतील तर घरच्या माणसाला ताप आला की तो रजा घेतो, त्याचा पगार आपण कापतो का? बागेतल्या बाकांवर ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी आहे. त्यामुळे आपली व्हीलचेअर ढकलत आलेली बाई तासभर उभी राहते. ती पाटी लावायच्या ठरावाला कुणीच विरोध केला नव्हता.

कृतज्ञता जर खरी असेल तर तिचा आकडा सांगता आला पाहिजे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे आणि त्यात दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. जीवनज्योती विम्याचा हप्ता वर्षाला 436 रुपये, पन्नाशीच्या आतल्या बायकांना त्यात शिरता येतं. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी फुकट होते, आधार आणि मोबाइल लागतो. हयातीच्या दाखल्याच्या टेबलावर जे काका बसतात, त्यांनी मावश्यांच्या या नोंदण्या करून द्यायला मला आधीच होकार दिला आहे. आपण दिवाळीला त्यांना मिठाईचा डबा आणि साडी देतो आणि फोटो काढतो. या वर्षी साडी द्याच, सोबत विम्याची पावती द्या, आणि फोटो काढू नका.

येत्या सर्वसाधारण सभेत मी तीन ठराव मांडणार आहे. पहिला, बाकांवरची पाटी काढणं. दुसरा, नव्या सभासदाच्या अर्जात ‘आपल्याला कोणत्या सेवा हव्यात’ याच्या खाली ‘आपण वसाहतीसाठी काय करू शकाल’ असा रकाना घालणं. आणि ‘काहीही नाही’ असं लिहिलं तर समितीच्या कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन चहा पीत बसावं आणि एखादी गोष्ट शोधून काढावी. तिसरा, घरटी दरमहा तीनशे रुपयांचा निधी, ज्यातून प्रत्येक मावशीला आठवड्यातून एक भरपगारी सुट्टी मिळेल आणि त्या दिवसाची बदली बाई वसाहत देईल. तिसऱ्या ठरावाला विरोध होईल हे मला माहीत आहे. तीनशे रुपये काहींना जड जातील, त्यांनी मला एकट्यात सांगावं, नाव बाहेर येणार नाही.

सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे. दाराशी टेबलावर एक तक्ता ठेवला आहे. ज्यांच्याकडे मावशी आहेत त्यांनी आधी मावशींना विचारावं, मग त्यांना सोयीचा वार तिथं लिहावा. सगळ्यांनी रविवार लिहू नका, कारण बदलीला येणाऱ्या बायका सध्या दोनच मिळाल्या आहेत.